चीफसाहेबांचा प्याला विसळिला गेला, त्या मोहिमेची हकिकत

समस्त वाचणारांस, ऐकणारांस, आणि ज्यांस ऐकू येत नाही त्यांस विशेषेकरून, लिहिणाराचा मुजरा. लुइझियाना प्रांती, खाडीचे मुलुखात, बायू लाव्हेन नामे कसबा आहे. तेथे कोळंबीच्या होड्या उदंड, डास त्याहून उदंड, आणि माजी लढवय्ये तर गल्लोगल्ली. त्या कसब्याचे राजश्री वेंडेल फाँतेनो, होडीइंजिनांचे मिस्त्री, माजी आरमारी शिलेदार, यांनी बलाढ्य आरमारावर चाल करोन बेअब्रूचा कागद बदलून आणिला. त्याची हकिकत लोक भलतीच सांगू लागले. कोणी म्हणती त्यांनी जहाज बुडविले, कोणी म्हणती ॲडमिरलाची बायको पळविली. सबब जे घडले तेच लिहितो, मीठमसाला बेताने.

मूळ कलहाचे कारण ऐसे. वेंडेलजी ऐन जवानीत आरमारी चाकरीस लागले आणि 'साबीन रिज' या जंगी जहाजाचे यंत्रघरात रुजू जाहले. त्या यंत्रघराचे सुभेदार चीफ हॅलोरन, मोठे करडे गृहस्थ, कप्तानही ज्यांस विचारून शिंकत असे. आता आरमारात दंडक असा की, चीफाचा कॉफीचा प्याला कोणी धुवू नये. हा दंडक कोठे लिहिलेला नाही, पण लिहिलेले कायदे मोडिले तरी चालते, हा मोडता कामा नये. प्याल्याचे आत जितका काळा थर दाट, तितकी चाकरी मातब्बर. हॅलोरनसाहेबांचे प्याल्यात थर इतका माजला होता की दोन घोट कॉफी मावली तरी पुष्कळ. आणि वेंडेलजी पडले अशा मातोश्रींचे चिरंजीव, की ज्या गंबोचे, म्हणजे त्या प्रांतीचे कालवणाचे, पातेले घासून त्यात आपला चेहरा पाहात. चीफसाहेबांचा वाढदिवस आला. काहीतरी नजराणा करावा ऐसे वेंडेलजींचे मनात आले, आणि मग त्यांनी साबण घेतला, गरम पाणी घेतले, तारेची घासणी घेतली, आणि प्याला शंखासारखा पांढरा करोन फडताळावर मांडिला.

सकाळी चीफसाहेब आले, प्याला उचलिला, आत पाहिले, आणि यंत्रांचे गर्जनेवर त्यांची गर्जना चढली.

"कुणी केलं हे? माझा कप पांढरा आहे!"

"मी, चीफ. वाढदिवसाच्या शुभेच्छा. आतून तो पांढराच होता, बघा ना."

"एकोणीस वर्षं, पोरा! एकोणीस वर्षं साबण लागला नव्हता त्याला!"

"ते दिसतच होतं, चीफ."

येणेप्रमाणे युद्ध पेटले. चीफसाहेबांचे फर्मान सुटले की सर्व यंत्रघरासमक्ष माफी मागावी. वेंडेलजींनी अर्ज केला की, घाण होता म्हणोन धुतला, यात माफी कशाची? फर्मान पुन्हा सुटले, जबाब पुन्हा तोच. मग चीफसाहेबांनी वेंडेलजींचा पहारा मोठ्या जनरेटराचे अगदी कुशीत लाविला, जेथे मनुष्याचे दात आपोआप वाजतात. कानांस लावावयाची टोपणे मागितली तो उत्तर आले की संपली आहेत, पुढील बंदरी मिळतील. पुढील बंदर आले, त्याहून पुढील आले, टोपणे काही आली नाहीत. शेवटी वेंडेलजींचे डोके फिरले. एका बंदरी ते उतरले ते आठवडाभर परतलेच नाहीत, किनाऱ्यावर तळलेले मासे खात बसले, आणि परतले तेव्हा बेड्या तयार होत्या. बेअदबी, अवज्ञा, गैरहजेरी, ऐसे तीन गुन्हे रुजू जाहले. प्याल्याचा मजकूर मात्र कोठे लिहिला नाही, कारण तो लिहिला असता तर वाचणारा हसला असता.

मग एका कारकुनाने चाकरीतून सुटकेचा कागद पुढे सरकविला आणि मोठ्या मायेने म्हणाला, "सही कर आणि घरी जा. शेरा वाईट आहे, पण सहा महिन्यांनी आपोआप सुधारतो."

वेंडेलजींनी सही केली. ही थाप आरमारात किती पिढ्यांपासून चालत आली हे देव जाणे, पण तीवर दरसाल नवे बहाद्दर सह्या करितात. वेंडेलजी घरी आले आणि आपोआप नामे त्या थोर सरदाराची वाट पाहू लागले. सहा महिने गेले, आपोआपराव आले नाहीत. साल गेले, आले नाहीत. त्यांची स्वारी आजपावेतो कोणाचेही दारी उतरल्याचे आमचे ऐकिवात नाही.

इकडे कान चालले. जनरेटराने मुलूख अर्धा जिंकिला होता, उरला तो होडीइंजिनांनी घेतला. माजी लढवय्यांचे सरकारी इस्पितळात वेंडेलजी गेले, तो खिडकीतील बाईने कागदावरील शेरा पाहिला आणि दार दाखविले. सन्मानाने न सुटलेल्या मनुष्याचे कान सन्मानाने न सुटलेले समजावे, ऐसा तेथील न्याय. ज्या सरकारने कान घेतले त्याच सरकारने विचारिले, कान कोणाचे? बाजारात श्रवणयंत्रे घ्यावी तर दुकान गहाण पडावे. मग वेंडेलजींनी मान डोलविण्याची विद्या साध्य केली, आणि कसब्यात त्यांची कीर्ती फार समजूतदार गृहस्थ म्हणोन जाहली.

आता त्यांचे कुटुंब अर्लीनबाई. या बाईंस गाण्याचे भारी वेड. तीन सालांपूर्वी त्या चर्चचे गायकवृंदात दाखल जाहल्या, आणि दर रविवारी वेंडेलजी मागील बाकावर बसोन ओठ हललेले पाहात, आणि घरी येऊन म्हणत, छान. एके दिवशी बाई कोळंबी सोलीत होत्या, त्यांनी सुरी खाली ठेविली, नवऱ्याची हनुवटी धरून तोंड आपणाकडे फिरविले आणि ओठ नीट हलवून विचारिले.

"तीन वर्षं छान म्हणतोयस. काय छान होतं, सांग बघू."

वेंडेलजी फार वेळ विचार करोन म्हणाले, "तुझा निळा झगा."

बाईंस हसू आले नाही. "झग्याचं कौतुक गेलं खड्ड्यात. ईस्टरनंतर मला एकटीला गायला देणारेत, वेंडेल. अख्खं गाव ऐकेल आणि माझाच नवरा भिंतीसारखा बसेल. मला एकदा तरी ऐक."

वेंडेलजी उठले आणि मागील अंगणात जाऊन बंद इंजिनापाशी उभे राहिले, आणि रडले. हे आम्ही लिहितो कारण खरे आहे. मग तोंड धुवोन आत आले आणि मोहिमेचा निश्चय जाहला. सुटकेचे शेऱ्यांची फेरतपासणी करणारे दरबारी अर्ज करण्याची मुदत पंधरा सालांची, ती सरत आली होती, म्हणोन हयगय करून चालणार नव्हते.

मसलतीस कोरीनबाई टेट यांस बोलाविले. या स्वतः आरमारात चाकरी करोन निवृत्त जाहलेल्या, आणि माजी लढवय्यांचे सभागृहाचे मागील खोलीत बसोन ऐशा शापितांचे अर्ज फुकट लिहून देत. त्यांनी सर्व ऐकिले. आपोआपरावांचे नाव निघताच बाईंनी कपाळ धरिले.

"आपोआप? अरे देवा, तूही फसलास! आरमारात आपोआप एकच गोष्ट होते. गंज चढतो."

मग त्यांनी व्यूह सांगितला की, दरबार पाच अंमलदारांचा, त्यांचेपुढे तंडायचे नाही, माफी मागावी आणि सुटावे, आणि प्याला घाण होता हे शब्द तर उच्चारू सुद्धा नयेत, कारण त्या पाचांपाशीही प्याले असतील. वेंडेलजी म्हणाले, "पण घाण होता." कोरीनबाई म्हणाल्या, "मी ऐकलंच नाही."

साक्षीदार पाहिजे होता. आणि साक्षीदार जगात एकच, तो म्हणजे शत्रू. हॅलोरनसाहेब फ्लोरिडात मासे धरोन वार्धक्य घालवीत होते. वेंडेलजींस दूरध्वनी ऐकू येत नसे, म्हणोन अर्लीनबाईंनीच तलवार उपसली आणि नंबर फिरविला. पलीकडे फार वेळ खोकला जाहला.

"फाँतेनो? कप धुणारा?" चीफसाहेब म्हणाले. "बाई, त्या दिवसापासून कॉफीला चव नाही."

"आणि त्याला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "तुमची चव गेली, त्याचे कान गेले. बोला, कुणाचं जास्त गेलं?"

पलीकडे पुन्हा खोकला जाहला.

"त्या जनरेटरपाशी त्याला मीच उभा केला," म्हातारा शेवटी म्हणाला. "टोपणं होती. माझ्याच कपाटात होती. पोरगा कामाला चांगला होता. काय सांगायचं ते सांगतो तुमच्या त्या साहेबांना. पण कपाबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही, हेही सांगा."

बाईंनी फोन ठेविला आणि एक शिवी हासडली, ती येथे लिहिण्याजोगी नाही.

मग दरबाराचा दिवस आला. पूर्वी ऐसे दरबार राजधानीस भरत, आता पडद्यावर भरतात. कसब्याचे वाचनालयात एक खोली मिळाली, शेजारील खोलीत लहान पोरांचे गाणे चालू होते, त्यामुळे कोरीनबाई हैराण जाहल्या आणि वेंडेलजींस मात्र काही फरक पडला नाही. त्यांनी लग्नातील कोट घातला होता. पडद्यावर पाच अंमलदार प्रकट जाहले, मध्यभागी कप्तान हुद्द्याचे सरदरबार, म्हणजे दरबाराचे मुख्य. ते बोलत, आणि अर्लीनबाई नवऱ्याकडे तोंड करोन तेच शब्द ओठांनी पुन्हा म्हणत. चीफसाहेबांची साक्ष जाहली, त्यांनी टोपणांचे कबूल केले. पाचही सरदार आपल्या कागदांत पाहू लागले. मग सरदरबारांनी प्याला उचलून घोट घेतला, आणि प्याला कलता जाहला तो सर्वांनी पाहिले की तो आतून काजळासारखा काळा! कोरीनबाईंनी डोळे मिटिले.

सरदरबारांनी विचारिले की, आज तोच प्याला समोर आला तर काय कराल, आणि त्या कृत्याचे वाईट वाटते की नाही, हे साफ सांगावे.

वेंडेलजींनी कुटुंबाचे ओठ वाचिले. कोरीनबाईंनी टेबलाखालून त्यांचे पायावर पाय दिला. दोन शब्द बोलावयाचे होते, माफ करा, की झाले. त्यांनी अर्लीनबाईंकडे पाहिले, त्यांचे कपाळावर घाम आला होता आणि झग्याची कड त्या मुठीत चुरगाळीत होत्या. वेंडेलजी उभे राहिले.

"कप घाण होता, सर," ते म्हणाले.

कोरीनबाईंनी पाय काढून घेतला.

"घाण होता, हे मी आजही म्हणेन. पण कप माझा नव्हता. त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मी गप्प बसलो असतो. त्याचं वाईट वाटतं. आणि जहाज सोडून पळालो, त्याचं फार वाईट वाटतं. माझ्या जागी दुसऱ्याला तिथं उभं राहावं लागलं असेल. त्याचेही कान होते."

शेजारील खोलीत पोरे बदकांचे गाणे म्हणत राहिली. सरदरबारांनी प्याल्यात डोकावून पाहिले, कशास ते त्यांचे त्यांस ठाऊक, आणि दरबार बरखास्त केला.

निकाल टपालाने आला. तीन मते बाजूने, दोन विरुद्ध. बेअब्रूचा शेरा पुसावा आणि त्याचे ठायीं लिहावे, सुटका सर्वसाधारण, सन्माननीय परिस्थितीत. पूर्ण सन्मान दिला नाही, अर्धा दिला, जसा कसाई हाडासकट तोलून देतो. परंतु इस्पितळाचे दार उघडण्यास अर्धा पुरे होता. कोरीनबाईंनी समजावून सांगितले, अर्लीनबाईंनी दोनदा वाचिले आणि म्हणाल्या, "सर्वसाधारण, सन्माननीय परिस्थितीत! लग्न झाल्यापासून मी ह्याला ह्याच दर्जावर ठेवलंय, त्याला पाच साहेब कशाला हवे होते?" आणि मग त्यांनी नवऱ्यास मिठी मारिली आणि दोघेही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडू लागले, आणि गंबो करपला.

इस्पितळात त्याच खिडकीतील त्याच बाईने नवा शेरा पाहिला आणि हसून बसावयास खुर्ची दिली. मनुष्य तोच, कान तेच, कागद निराळा. चीड येते, पण खुर्ची घेतली. यथावकाश दोन यंत्रे कानांत बसली आणि वेंडेलजींचे राज्यात आवाज परत आले, फडताळाची कुरकुर, डासांची फौज, शेजाऱ्याचा कुत्रा, आणि आपलेच खाणे, जे इतके मोठ्याने चालते हे त्यांस कोणी सांगितले नव्हते.

मग ईस्टरनंतरचा रविवार उगवला. चर्च भरले. अर्लीनबाई निळा झगा घालून एकट्या पुढे आल्या, पेटीवाल्याने सूर दिला, आणि बाईंनी तो घेतला नाही. त्यांनी दुसराच घेतला. तोही मध्येच सोडिला आणि त्याहून वरचा धरावयास गेल्या, तो हातास लागेना, आणि तरी त्या डोळे मिटून, छाती भरून, कोणास न जुमानता गात राहिल्या. पुढील बाकावरील एक म्हातारा शांतपणे बाहेर गेला. वेंडेलजींचा हात कानाकडे गेला. यंत्राची कळ इवलीशी, एका बोटाने बंद होते. हात तेथे पोहोचला, थांबला, आणि खाली येऊन गुडघ्यावर बसला. तीन कडवी जाहली, तिन्ही त्यांनी ऐकिली, आणि डोळ्यांतून पाणी वाहात होते ते कोणत्या कारणे हे विचारण्याची कोणाची छाती जाहली नाही.

पायरीवर अर्लीनबाईंनी नवऱ्याचा हात धरिला.

"खरं सांग. कसं झालं?"

ज्या पुरुषाने घाणीस घाण म्हटल्यापायी अब्रू गमावली, पंधरा साले गमावली आणि भर दरबारात पुन्हा तेच म्हटले, तो पुरुष कुटुंबाकडे पाहात उभा राहिला.

"सगळं ऐकू आलं," वेंडेलजी म्हणाले. "शब्दन् शब्द. पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसणार."

येणेप्रमाणे राजश्री वेंडेल फाँतेनो यांची आरमारावरील मोहीम फत्ते जाहली, ती येथे रुजू केली असे. ते आजतागायत पहिल्या बाकावर बसतात, आणि यंत्रे दोन्ही चालू असतात. कोणी म्हणेल, लिहिणाराने पराक्रम वाढवून सांगितला. तरी लिहिणार त्याच चर्चचा, बाईंचे गाणे त्याने समक्ष ऐकिले आहे, आणि तो स्वतः बसतो दारापाशी.