चंद्र ओकविणारे पीळयंत्र

भाळी चंद्र धारण करणाऱ्या गजवदना, तुला साष्टांग नमन. बाळांनो, हात जोडा आणि ऐका.

एका जंगलात पिळाचे एक यंत्र होते. दोन खांब, मध्ये दोर, दोराला दांडा. आरंभी त्यावर देवाच्या पाळण्याची दोरी वळत. पुढे त्याच पिळाच्या जोरावर शेजाऱ्यांवर धोंडे फेकू लागले. शेजारी संपले आणि यंत्र रिकामे राहिले.

तेथील राजा वक्रनख वाघ मोठा भाविक. त्याने संकष्टीचे व्रत धरले. परंतु तिथी चुकली आणि उपवास अमावस्येस घडला. चंद्रोदयाची वाट पाहता पाहता ताटातली खिचडी वाळली.

"चंद्र चोरीला गेला!" राजा गरजला.

"महाराज, आज अमावस्या आहे," घुबडआजी म्हणाली.

"म्हणजे हा कट आजींना आधीच ठाऊक होता!" प्रधान तरस म्हणाला. आजी ढोलीत शिरली.

चंद्र शेवटचा दिसला तो तळ्यात. तळ्यात संथबुवा कासव राहत. शिवाय त्यांची पाठ फुगलेली. आणखी कोणता पुरावा हवा? त्यांना यंत्राला जखडले. प्रधानाने दांडा फिरवला.

"चंद्र गिळलास ना?"

"नाही हो, प्रधानजी! मी शेवाळ खातो."

आणखी एक पीळ.

"गिळला, गिळला! चांदण्याही तोंडी लावल्या! पण सोडा, कवच तडकले!"

लवकरच सायंकाळी पश्चिमेस कोर दिसली. राजा हर्षला. "पाहा, ओकतो आहे! पिळत राहा."

रोज पीळ वाढला, रोज चंद्र वाढला, रोज कवचाच्या चिराही वाढल्या. पौर्णिमेस पूर्ण बिंब उगवले. अर्धमेल्या संथबुवांना तळ्यात सोडले; प्रधानाच्या गळ्यात हार पडला.

पुढे चंद्र झिजू लागला. राजा तळ्यावर धावला.

"संथबुवा, पुन्हा?"

"महाराज, मी तर रिता झालो. ज्यांच्यापुढे ओकलो, त्यांनाच विचारावे."

प्रधान यंत्राला जखडला गेला.

"महाराज, चंद्र आपोआप घटतो हो! घुबडआजींना विचारा!"

"मला कुठले बाबा तिथीतले कळते?" आजी म्हणाली.

पीळ वाढत गेला. चंद्र घटत गेला.

राजा थक्क झाला. "केवढा निगरगट्ट! पिळतानाही खातोच आहे!"

तात्पर्य: सत्य पिळून काढावयाचे असल्यास आरंभ शुद्ध पक्षात करावा, वद्य पक्षात यंत्राजवळ उभेही राहू नये.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे गजानन कल्याण करो. तुमच्या घरोघरी पाळणा हलो, आणि सारा पीळ त्याच्या दोरीतच राहो.