लेबलावरचे पाच घटक

बातमी आली तो मंगळवार इतका साधा होता, की त्याच्यावर संशय घ्यायलाही जागा नव्हती. अनुस्वारराव छापखान्यातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून खोकल्याच्या औषधाचं लेबल तपासत होते. (खरं नाव वेगळं. पण बावीस वर्षं प्रूफं तपासून हा माणूस कुणाच्याही डोक्यावर टिंबासारखा जाऊन बसायला लागला होता, म्हणून मशीनमनने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.) तेवढ्यात मॅनेजरने समोर एक कागद सरकवला. तिखट सॉसच्या लेबलांची ऑर्डर रद्द. कारखान्याचा मालक थकला होता, त्याच्या मुलांना दुसरे उद्योग होते, महिनाअखेर भट्टी बंद होणार होती.

अनुस्वाररावांनी कागद दोनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती. त्यांना तेच खुपलं.

तो सॉस त्यांच्या बायकोचा होता. म्हणजे बनवत नव्हती ती, खात होती. उकडलेल्या बटाट्यावर, आमलेटवर, सूपमध्ये, एकदा तर कलिंगडाच्या फोडीवरही. ती जाऊन दोन महिने झाले होते. घरात तिने त्यांच्यासाठी उघडून ठेवलेल्या सॉसच्या दोन बाटल्या उरल्या होत्या. त्यातली एक संपली आणि दुसरीच्या तळाशी दोन बोटं सॉस शिल्लक होता.

या दोन महिन्यांत जो तो त्यांना शहाणपण शिकवत होता. डॉक्टर म्हणाले, आता तिखट कमी करा. मुलगी म्हणाली, बाबा, एकटे राहता, पोटाला जपा. मेहुणी म्हणाली, ताई होती तोवर ठीक होतं. अनुस्वारराव सगळ्यांचं ऐकून घेत आणि जेवताना ताटात तीन चमचे सॉस ओतून घेत. माणूस गेलं म्हणून त्याची चवही घराबाहेर काढायची, हे त्यांना मान्य नव्हतं. शिवाय तिखट खाण्यात आपला हात कुणी धरणार नाही, याचा त्यांना मनापासून अभिमान होता. लग्न झालं तेव्हा बायको त्यांना हसली होती. त्यानंतर मात्र तिच्या बरोबरीने, घासाला घास, डोळ्यात पाण्याचा टिपूस न आणता त्यांनी हा सॉस खाल्ला होता.

सॉस कशाला म्हणावं, यावर त्यांची मतं ठाम होती आणि ती ऐकण्यातून छापखान्यात कुणी सुटलेलं नव्हतं. चांगला सॉस आल्या आल्या चावत नाही. आधी लसूण येते, मग आंबटपणा, आणि मिरची सगळ्यात शेवटी, दार न वाजवता, घरच्या माणसासारखी. व्हिनेगरने नाक झोंबलं तर तो सॉस नव्हे, ते फरशी पुसायचं औषध. आणि शेवटी जिभेवर थोडा गोडवा रेंगाळला पाहिजे. या गोडव्यावर ते फार वेळ बोलत. मशीनमन एकदा म्हणाला होता, की मला तर त्यात गोड काही लागलं नाही. अनुस्वाररावांनी त्याला सांगितलं, की त्यासाठी जीभ तयार व्हावी लागते.

त्याच दिवशी संध्याकाळी ते कारखान्यात गेले आणि मालकाकडे उरलेल्या चार डझन बाटल्या रिक्षात घालून घरी घेऊन आले. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे खाली आले, बाटल्या वर गेल्या. मग त्यांनी मुलगी, जावई आणि मेहुणी यांना रविवारी जेवायला बोलावलं. एकदाच सगळ्यांसमोर हा विषय निकालात काढायचा होता.

रविवारी त्यांनी स्वतः बटाटे उकडले, आमलेटं केली (दोन आमलेटं आणि दोन अपघात), आणि टेबलाच्या मधोमध नवी बाटली ठेवली. मुलीने ती पाहिली आणि ती पुढे झाली.

"द्या, मी उघडते."

"का? मला हात नाहीत?"

"आईच उघडायची ना नेहमी."

हे खरं होतं. नवी बाटली बायको त्यांना कधी उघडू देत नसे. तुम्ही सांडता, म्हणायची. आणि ते सांडत, म्हणून कधी वाद झाला नव्हता. आज त्यांनी झाकण स्वतः फिरवलं, एक थेंबही न सांडता तीन चमचे भरून आमलेटवर ओतले, आणि उभं राहून जाहीर केलं, की या घरात ही बाटली कधीही संपणार नाही, ज्यांना पथ्य करायचं असेल त्यांनी आपापल्या घरी करावं. मुलगी आणि मेहुणी एकमेकींकडे बघत होत्या. जावई पाण्याचा जग उचलून हळूच त्यांच्या बाजूला ठेवत होता.

त्यांनी मोठा घास घेतला.

पहिल्या क्षणी काहीच झालं नाही. दुसऱ्या क्षणी मिरची आली, आणि ती घरच्या माणसासारखी आली नाही. जप्तीचा हुकूम घेऊन आल्यासारखी आली. कान बंद झाले. टाळू नावाचा काही भाग आपल्याला आहे, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं. "उत्तम," ते म्हणाले, पण तो आवाज त्यांचा नव्हता, आतून कुणीतरी परस्पर दिलेला होता. मग खुर्ची मागे सरकवून ते अत्यंत सावकाश, मान ताठ ठेवून गॅलरीत गेले, दार लोटलं, आणि दोरीवरचा ओला टॉवेल तोंडात कोंबला.

समोरच्या गॅलरीत निवृत्त दंतवैद्य वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी विचारलं, "दाढ का?"

बोलणं शक्य नव्हतं. अनुस्वाररावांनी मान डोलावली.

पाच मिनिटांत दंतवैद्य बॅग घेऊन दारात हजर. (निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला आलेली ही पहिलीच दाढ होती.) तोवर अनुस्वारराव आत येऊन कारखान्याच्या मालकाला फोनवर जमेल तसं झापत होते, की जाता जाता शेवटच्या मालात भेसळ केलीत, लेबलावर एक आणि बाटलीत दुसरंच, याला माणुसकी म्हणत नाहीत. मालक शांतपणे म्हणाला, की तीस वर्षं तीच मिरची, तेवढीच मिरची. लेबल तर तुम्हीच तपासता. फोन ठेवताच दंतवैद्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, टॉर्च लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"दाढा उत्तम आहेत. पण जीभ बघता, तुम्ही आज जन्मात पहिल्यांदा तिखट खाल्लंय असं वाटतं."

मेहुणीला हसू आवरलं नाही. ती हसली, मग तिने तोंडावर पदर धरला, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचं नव्हतं.

अनुस्वाररावांनी फ्रिजमधून जुनी बाटली आणली आणि पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. अठ्ठावीस वर्षं हाच सॉस खातोय, घ्या, चाखा. जावयाने चाखला नाही. त्याला गरज नव्हती.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुमची बाटली आई भरायची."

"भरायची म्हणजे?"

"अर्धा सॉस काढून घ्यायची. उरलेल्यात उकडलेलं गाजर वाटून घालायची. तुम्ही पहिल्यांदा खाल्लात तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उचकी थांबली नव्हती म्हणे. पण हरलो म्हणायला तुम्ही तयार नव्हतात."

"तुला कधीपासून माहीत?"

"दुसरीत होते तेव्हापासून. गाजर मीच सोलायचे."

मेहुणीला अर्थात पहिल्यापासून माहीत होतं. जावयाला साखरपुड्याच्या आधी शपथ घालून सांगितलं होतं. डॉक्टरांनाही ठाऊक होतं. तिखट कमी करा हे ते अलीकडेच म्हणायला लागले होते, कारण गाजर घालणारं आता कुणी नव्हतं.

अनुस्वाररावांनी बाटली उचलून लेबल वाचलं. मिरची, लसूण, व्हिनेगर, मीठ, पाणी. पाच घटक. प्रत्येक छपाईच्या वेळी त्यांनी ते अक्षर न् अक्षर तपासले होते. निसटलेली वेलांटी ज्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते, त्याला रोज ताटात आलेलं गाजर अठ्ठावीस वर्षांत सापडलं नव्हतं.

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "ताई तुम्हाला फसवायची नाही हो. तुमची शान राखायची."

"मी कुठे काय म्हणालो?" ते म्हणाले. "सॉस मात्र मी खाणारच."

आणि ते माघार घेणारे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाजरं आणली. मुलीला प्रमाण विचारलं. ती म्हणाली, मी फक्त सोलायचे. मेहुणी म्हणाली, ताई अंदाजाने घालायची. बायकोच्या अंदाजाचं माप कुठल्याच चमच्यावर नव्हतं. मग त्यांनी एका बाटलीला एक गाजर, दुसरीला दीड, तिसरीला दोन असे प्रयोग सुरू केले, प्रत्येक बाटलीवर आकडा चिकटवला, आणि प्रत्येक वेळी पडताळून पाहायला जुन्या बाटलीतला एक थेंब जिभेवर ठेवला. प्रूफ मूळ प्रतीशी ताडून बघावं तसं. नववी बाटली झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मूळ प्रतच संपत चालली आहे. दोन बोटांचं अर्धं बोट झालं होतं. त्यांनी झाकण लावलं आणि बाटली फ्रिजमध्ये पार मागे ठेवली.

दहाव्या बाटलीपासून नुसत्या आठवणीवर काम चाललं. तेरावी बाटली ते छापखान्यात घेऊन गेले. मशीनमनने पाव बुडवून खाल्ला, पुन्हा बुडवला, आणि म्हणाला, की जॅम फार छान झालाय.

त्या दुपारी अनुस्वाररावांनी रद्द झालेल्या लेबलाचं जुनं प्रूफ खणातून काढलं. मिठाच्या पुढे लाल पेनाने, राहिलेला शब्द घालायची, हंसपदाची खूण केली आणि समासात लिहिलं: गाजर. त्यापुढे प्रमाणासाठी जागा सोडली. ती अजून भरायची आहे.