नमुना क्रमांक एकेचाळीस अत्यंत सुखी आहे

संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर पॉलिमर रसायन विभाग आणि मानसिक स्वास्थ्य विभाग सोळा वर्षे समोरासमोर नांदत होते. इतक्या वर्षांत त्यांच्यात वैज्ञानिक देवाणघेवाण एकदाच झाली. स्वास्थ्य विभागातल्या खुर्चीचा पाय निखळला, तेव्हा पॉलिमरवाल्यांनी तो चिकटवून दिला. पुढे एका सोमवारी परिपत्रक आले. दोन्ही विभाग "नमुन्यांवर ताणाचा होणारा परिणाम" या एकाच विषयावर काम करत असल्याचे प्रशासनाच्या निदर्शनास आले असून, श्रमांची द्विरुक्ती टाळण्यासाठी ते तात्काळ एकत्र करण्यात येत आहेत.

प्रशासनाचे चुकले असे म्हणता येणार नाही. समोरच्या दारामागे माणसांना बसवून त्यांच्या मनावर किती ताण आहे ते विचारत. या दारामागे रबराच्या पट्ट्या यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणत. शब्द तोच होता, आणि प्रशासन शब्दापलीकडे सहसा जात नाही.

पट्ट्या ताणणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंना सगळी संस्था रबरबाई म्हणे. बाई बावन्न वर्षांच्या, बुटक्या, बोलायला फटकळ. नळात बसवायचा असा एक वॉशर, जो तीस वर्षे गळणार नाही, एवढ्या एकाच ध्यासापायी त्यांनी अकरा वर्षे घातली होती. शेवटी रबर जमले होते. चाळीस पट्ट्या ताणून झाल्या होत्या. एकेचाळिसावी ताणली की निष्कर्ष लिहायचा, आणि जगातली एक टपटप कायमची बंद.

ताणयंत्र चालवायला यंत्रकाका होते. त्यांची लेक बाळंत व्हायची होती. आठ दिवसांची रजा त्यांनी तीनदा मागितली आणि तिन्ही वेळा अर्ज परत आला. शेरा एकच : "कारण व्यक्तिगत स्वरूपाचे आहे."

मंगळवारी सकाळी काकांनी यंत्राचे बटण दाबले. यंत्र हलले नाही. पडद्यावर अक्षरे उमटली : "नमुन्याची स्वास्थ्य प्रश्नावली प्रलंबित. कृपया नमुन्याकडून भरून घ्यावी."

"नमुना म्हणजे कोण हो, बाई?"

"ही पट्टी."

"असं होय. मला वाटलं, मी."

बाई तणतणत समोर गेल्या. तिथले प्रमुख सुखडॉक्टर. माणसाला सुखी कशाने वाटते यावर त्यांचे चौदा निबंध प्रसिद्ध झाले होते आणि दहाही बोटांची नखे त्यांनी कुरतडून संपवली होती.

"प्रणाली आता एकच झालीय, बाई," ते म्हणाले. "प्रश्नावली भरल्याशिवाय माझी माणसंसुद्धा पुढे सरकत नाहीत. तुम्ही भरा ना पट्टीच्या वतीने. फक्त खरं तेच भरा. शेवटी विज्ञान आहे."

रबरबाईंनी उभ्या आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. त्यांनी पट्टी समोर ठेवली, चष्मा लावला आणि वीस प्रश्न प्रामाणिकपणे सोडवले. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला विनाकारण रडू आले का? कधीच नाही. सहकाऱ्याची बढती पाहून पोटात दुखले का? कधीच नाही. वरिष्ठांचा आवाज ऐकताच अंगावर काटा येतो का? कधीच नाही. सोमवारविषयी आपले मत काय? काही नाही.

निकाल लगेच आला. शंभरपैकी शंभर. संस्थेतला तोवरचा उच्चांक सेहेचाळीस होता आणि तोही एका लिपिकाने आपल्या निवृत्तीच्या दिवशी गाठलेला.

यंत्र तरीही सुरू झाले नाही. "नमुना संपूर्ण स्वास्थ्यात आहे. सुखी नमुन्यास ताण देणे नीतिनियमांत बसत नाही."

दुपारी संचालकांचे बोलावणे आले. पट्टी त्यांच्या टेबलावर, काचेच्या पेटीत होती.

"बाई, हे काय आहे तुम्हाला कळतंय का?" संचालकांचा आवाज भरून आला होता. "तक्रार नाही. रजा नाही. ओढलं की लांबते, सोडलं की मुकाट्याने मूळ आकारात. असा कर्मचारी मी एकवीस वर्षं शोधतोय!"

"साहेब, ते रबर आहे."

"तेच म्हणतोय मी. बाकीच्यांना का जमू नये?"

पट्टीचे छायाचित्र दर्शनी दालनात लागले. तेवढ्यावर भागले नाही. ताणयंत्र रिकामे पडले आहे आणि तीसच्या खाली गुण असलेले कर्मचारी मुबलक आहेत, हे संचालकांच्या लक्षात आले. नीती समितीने अनुमती दिली. जो आधीच ताणात आहे त्याला थोडा आणखी ताण दिल्यास तत्त्वतः हरकत नाही, असे समितीचे म्हणणे पडले. यंत्रकाकांचे गुण एकोणीस होते. त्यांना यंत्रात धरायचे ठरले होते, पण चिमट्यात त्यांचे खांदे मावेनात. म्हणून दर अर्ध्या तासाला दहा फायली द्यायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी काकांनी एका फायलीवर डोके टेकले आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. नोंद अशी झाली : "तुटबिंदू दोनशे सदतीस फायली. तुटण्यापूर्वी आवाज नाही. ताण काढल्यावर मूळ आकारात आला नाही. दर्जा सुमार."

ती नोंद वाचून रबरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे बंद झालंच पाहिजे," त्या सुखडॉक्टरांना म्हणाल्या. "मी आत्ता त्या पट्टीला दुःखी करते. तिचे गुण पडले की यंत्र तिचं तिला मिळेल आणि काका सुटतील."

"बाई, खोटं भराल?"

"डॉक्टर, तुमचे स्वतःचे गुण किती आहेत?"

डॉक्टरांनी कोरी प्रश्नावली त्यांच्यापुढे सरकवली.

आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी खोटे लिहिले, आणि सवय नसल्याने जरा जास्तच लिहिले. पट्टीला रोज रडू येत होते, सगळ्यांच्या बढत्या खुपत होत्या, सोमवारचे नाव काढताच धडकी भरत होती. गुण पडले शंभरपैकी दोन. बाईंना माहीत नव्हते की पाचच्या खाली आणीबाणीचे कलम लागू होते. ताण देणे दूरच, नमुन्याला त्वरित समुपदेशन आणि विश्रांती देणे बंधनकारक होते.

सुखडॉक्टर पट्टीसमोर पाऊण तास दार लावून बसले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण चेहरा हलका झाला होता.

"काही बोलली का?" बाईंनी विचारले.

"नाही. मीच बोललो. बायकोचं, साहेबांचं, सगळं. बाई, काय सुंदर ऐकते हो ती!"

अकरा मिनिटांत आदेश आला. नमुना क्रमांक एकेचाळीस यास पंधरा दिवसांची पगारी रजा मंजूर. आप्तेष्टांना भेटण्यास जाण्याची मुभा. परतल्यावर हलके काम द्यावे.

बाईंनी आदेश दोनदा वाचला. मग त्याची घडी घातली आणि काकांच्या खिशात कोंबली.

"काका, आजपासून तुम्ही एकेचाळीस नंबर. निघा. लेक वाट बघत असेल."

"अहो बाई, पण फाटकावर विचारलं तर?"

"काही बोलू नका. पट्टी बोलत नाही."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने कागदावरचा क्रमांक पाहिला, वहीतला पाहिला, शिक्का मारला. काकांच्या तोंडाकडे त्याने पाहिलेच नाही. तसा नियम नव्हता. चार दिवसांनी काकांचा फोन आला. नात झाली होती. बाळाचे नाक आजोबांवर गेले होते, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

अशी गोष्ट लपून राहत नाही. आधी टंकलेखिका आली, मग भांडारपाल आला, मग लेखा विभाग अख्खाच आला. सगळ्यांना नमुना व्हायचे होते. बाई पट्ट्या कापत गेल्या, क्रमांक देत गेल्या. माणूस पट्टीच्या क्रमांकावर रजेवर जाई, त्याच्या नावाने पट्टी खुर्चीवर बसे, आणि तिची प्रश्नावली बाई पुन्हा खरी भरत. महिनाअखेर संस्थेच्या पटावर माणूस म्हणून केवळ संचालक उरले. बाकी त्रेसष्ट रबरी पट्ट्या होत्या आणि खुर्च्यांवर त्याच हजर असत. कामाचा उरक पूर्वीइतकाच राहिला. एकाही नागरिकाने फरक जाणवल्याची तक्रार केली नाही.

स्वास्थ्याची सरासरी एकतीसवरून शंभरावर गेली. वरून सन्मानपत्र आले. समारंभात संचालक दीड तास बोलले आणि एकही श्रोता उठून गेला नाही, खोकला नाही, घड्याळ पाहिले नाही. आपल्या कारकिर्दीतला हा सर्वांत समरस श्रोतृवर्ग होता, असे त्यांनी नंतर लिहिले.

यशस्वी प्रयोग देशभर लागू करण्यास वेळ लागला नाही. एका रविवारी सकाळी रबरबाई चहा घेत बसल्या होत्या. यजमान समोर फोनमध्ये डोके घालून अंगठा चालवत होते. दर दोन क्षणांनी एक ठोका.

"काय करताय एवढं?"

"प्रश्नावली आलीय. तुम्ही सुखी आहात का म्हणून. वीस प्रश्न आहेत."

"मग?"

"अत्यंत सुखी. वीसच्या वीस."

बाईंनी कप खाली ठेवला. कालच हा माणूस गुडघ्यापासून शेजाऱ्याच्या गाडीपर्यंत तासभर कुरकुरत होता. "खरंच इतके सुखी आहात तुम्ही?"

"वेडी आहेस का?" यजमान फोनवरून नजर न काढता म्हणाले. "'सुखी नाही' म्हटलं तर खाली 'कारण सविस्तर लिहा' असा रकाना उघडतो."

तो रकाना देशात आजवर एकाही नागरिकाने उघडलेला नाही, असे अंतिम अहवालात समाधानाने नमूद केले आहे. प्रश्नावली तुम्हालाही आली होती. उत्तरे द्यायला तुम्हाला एकोणचाळीस सेकंद लागले. आपण अत्यंत सुखी आहात. अभिनंदन.