बोलका व्हॉल्व्ह

"हा मुका आन् हा बोलका," पप्पू मेकॅनिकने दोन व्हॉल्व्ह टेबलावर ठेवले. "तुमी मुका घ्या."

रामनाथभाऊंनी दोन्ही हातात घेऊन पाहिले, वजन केलं, खाली ठेवले आणि परत उचलले. गेले सहा दिवस ते रोज येडगावहून नारायणगावच्या या गॅरेजात येत होते आणि रोज हाच कार्यक्रम होत होता. एवढ्या वेळात माणसं मुलीचं लग्न ठरवतात. पण एकदा व्हॉल्व्ह ठरला की उद्या इथं यायला कारण राहणार नव्हतं, आणि पप्पू तासभर तरी बोलत असे.

गाडी त्यांच्या मुलाची, भरतची. भरत जर्मनीला गेला आणि टर्बोवाली गाडी बापाच्या अंगणात लावून गेला. बायको साळुबाई गेल्याला चार वर्षं झाली होती. घरात तोंड उघडणारा आता एक कुकर तेवढा उरला होता. रविवारी भरतचा फोन येई. त्यात पहिला प्रश्न बीपीच्या गोळीचा आणि शेवटचा गाडीचा. मधलं काही असलं तर नेटवर्क खाऊन टाकी. गाडी बंद पडू नये म्हणून रामनाथभाऊ ती चालवू लागले आणि महिन्याभरात तिचा जुना व्हॉल्व्ह गळायला लागला.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.

पप्पूने सातव्यांदा सांगितलं. "टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो. तुमी पाय काढला की त्या हवेनं जायचं कुठं? मुका व्हॉल्व्ह तिला गुपचूप मागं पाइपात घेतो. बोलका सरळ भायेर फेकतो. पोरं आवाजासाठी बसवत्यात. पन भाऊ, तुमच्या गाडीचं बाकी समदं कंपनीचंच हाय, काय बदललेलं न्हाई. तिच्या कॉम्प्युटरला वाटणार हवा आतच हाय. तो त्या मापानं पेट्रोल सोडणार आन् पाय काढल्यावर गाडी बंद पडणार."

"आवाज कसा येतो?"

पप्पूने बाहेर उभ्या असलेल्या एका पोराच्या गाडीचं ॲक्सिलरेटर दाबून सोडलं. फुस्स!

रामनाथभाऊ जागच्या जागी ताठ झाले. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती. हवेचा ब्रेक सोडला की हाच आवाज येई आणि फाट्याफाट्यावर माणसं पिशव्या सावरत त्यांच्याकडे धावत येत. रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडे चालतसुद्धा कुणी आलं नव्हतं.

"बोलका बसव," ते म्हणाले. पप्पूने कपाळाला हात लावला.

येडगावच्या फाट्यावर वैजयंतीबाईंचं चहाचं हॉटेल आहे. समोर वळण, वळणावर डोक्याच्या वर ऊस, त्यामुळे येणारी गाडी दिसत नाही. म्हणून उन्हात उभं न राहता सगळे आत बसतात आणि एसटी कानाने बघतात. वळणावर फुस्स झालं की कप खाली आणि माणसं बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला वळणावर फुस्स झालं. बँकेत नोकरीला असलेली अश्विनी पर्स सावरत पळाली, कुशाबांनी कढत चहा एका घोटात संपवला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लंकाबाई एका चपलेनिशी रस्त्यावर आल्या. समोर छोटी पांढरी गाडी येऊन बंद पडली होती. पप्पूचं भाकीत शब्दशः खरं ठरलं होतं.

"रामनाथभाऊ, तुमी व्हय?" लंकाबाई म्हणाल्या. "मला वाटलं एसटीच आली."

तिघांनी त्यांचं नाव घेतलं. कुशाबांनी तर पाठीवर थाप मारली. रामनाथभाऊंना इतकं बरं वाटलं की ते दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी आले. काम काहीच नव्हतं. त्यांनी नारायणगावला जाऊन कोथिंबिरीची एक जुडी आणली. तिसऱ्या दिवशी कुशाबांच्या धोतरावर चहा सांडला आणि थाप बसली नाही.

चौथ्या दिवशी फुस्स झालं तेव्हा कुणी हललं नाही.

"बसा निवांत," कुशाबा म्हणाले. "रामनाथच असणार."

पण ही नऊची एसटी होती, अगदी वेळेवर आलेली. ती थांबली, कुणी चढेना म्हणून कंडक्टरने घंटी मारली आणि ती निघून गेली. वैजयंतीबाईंनी दारातून पाहिलं तेव्हा तिची पाठ दिसत होती. दहा मिनिटांनी पुन्हा फुस्स झालं आणि त्या दिवशी उशिरा निघालेली पांढरी गाडी हॉटेलापुढे येऊन बंद पडली.

"माझी हजेरी गेली," अश्विनी म्हणाली. "पुढची एसटी थेट दुपारी."

"माझा डोळ्याचा डाक्टर बारापातुरच असतो," लंकाबाई म्हणाल्या.

"तुला रिटायर केलं तरी तू आमाला पळवायचं सोडंना," कुशाबा म्हणाले. "आता तूच सोड नारायणगावला."

रामनाथभाऊंनी मान खाली घातली आणि दारं उघडली. शिक्षा म्हणून तीन माणसं गाडीत बसली. थोडं पुढं गेल्यावर लंकाबाईंनी सुनेची गोष्ट काढली. सुनेने लोणच्याची बरणी माहेरी कशी पोचवली, इथपर्यंत गोष्ट आली की गिअर बदले आणि फुस्स होई. बरणी तीनदा अर्ध्या वाटेत राहिली.

"मग काय झालं?" रामनाथभाऊंनी कळवळून विचारलं.

"आधी ह्याचं तोंड बंद करा, मग सांगते."

तिघांना उतरवून ते थेट गॅरेजात गेले आणि म्हणाले, "मुका बसव. माणसं बोलत असली तर ऐकू येत न्हाई." सहा दिवसांचा निर्णय अर्ध्या मिनिटात झाला. पप्पू मेहरबानी केल्यासारखा पाना शोधायला गेला.

पाचव्या दिवशी साडेआठलाच त्यांची गाडी फाट्यावर आली. आवाज नाही, बंद पडणं नाही. हॉटेलाच्या बाजूला चिंचेखाली त्यांनी ती लावली. कुणी बाहेर आलं नाही. हॉर्न मारावा असं दोनदा मनात आलं. पण काल शिक्षा होती, ती संपली होती. आज हॉर्न मारणं म्हणजे माझ्याशी बोला म्हणून हात पसरणं. ते काच खाली करून बसून राहिले. त्यांना फार एकटं वाटलं.

नऊला वळणावर फुस्स झालं. एसटी आली, थांबली. हॉटेलातून कुणीच बाहेर पडलं नाही. रामनाथभाऊ घाबरले. लोकांना अजून आपलाच आवाज वाटतोय, आजही गाडी चुकणार. ते धावत हॉटेलाच्या दाराशी गेले. तोवर मागे घंटी वाजली होती.

"अरे, एसटी व्हती ती," ते धापा टाकत म्हणाले.

"म्हाईत हाय," लंकाबाई बशीतला चहा फुंकत म्हणाल्या. "एसटीत मला तिकीट न्हाई लागत. पन समद्यांच्या माना मोबाइलात. बरणीचं ऐकायला हाय का कुनी?"

"कवाची वाट बघतोय तुझी," कुशाबा म्हणाले. "हुतास कुठं?"

रामनाथभाऊंनी बाहेर चिंचेकडे बोट दाखवलं. "इथंच व्हतो," ते म्हणाले. "अर्धा तास झाला."

"मग आवाज द्यायचा न्हाई व्हय?" म्हणत लंकाबाई उठल्या, आणि कुणाला न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.