दोनशे एकोणीस बदल

साहेबांनी छापलेली यादी टेबलावर पसरली आणि काकांच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद सही न करताच खणात टाकला. चाकाच्या खुर्चीच्या ड्रॉइंगमध्ये महिनाभरात दोनशे चौदा बदल, सगळे काकांच्या नावावर.

"काका, इतकी खोडाखोड? हात थरथरायला लागला का?"

दोन वर्षं खपून काकांनी ती खुर्ची आखली होती. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि पहिली खुर्ची कारखान्यातून बाहेर पडताना पाहायची एवढीच त्यांची इच्छा. त्यांना फार लागलं, कारण त्यांनी एक रेघही हलवली नव्हती. डोळ्यांना झेपेना म्हणून ते ड्रॉइंग मोठं करून पाहत आणि मागचा काळा रंग पिवळा करत, बस्स. पण सॉफ्टवेअर नको तितकं प्रामाणिक. खुर्चीच्या फाइलमध्येच ते हेही लिहून ठेवी, आणि फाइलींची नोंद ठेवणारी यंत्रणा त्यालाही बदल समजून काकांचं नाव टिपून घेई.

साहेबांनी हुकूम काढला की यादीतल्या प्रत्येक बदलापुढे हातानं कारण लिहायचं. काका पडले सरळमार्गी. त्यांनी जागोजागी लिहिलं, 'चष्मा घरी राहिला.'

झालं. आगीतून फुफाट्यात. "म्हणजे चष्म्याशिवाय खुर्ची आखता?" साहेब म्हणाले. स्वतःला अजून चष्मा लागला नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्यांनी नवी अट घातली. आठवडाभर एकही बदल दिसता कामा नये, मग सही.

आठवडाभर काका संगणकासमोर हाताची घडी घालून बसले. तरी रोज एक नवा बदल, त्यांच्याच नावावर. काकांनी कारण लिहिलं, 'माहीत नाही.' पाचव्या दिवशी त्यांनी टेबलाचा खण आवरायला घेतला.

ड्रॉइंग तपासणाऱ्या ताईंना ते बघवेना. कोणी किती मोठं करून आणि कुठल्या रंगात पाहतो, हे त्यांनी ज्याच्या त्याच्या वेगळ्या फाइलमध्ये टाकलं आणि त्या फाइली नोंदीतूनच वगळल्या. ड्रॉइंगमध्ये उरली फक्त खुर्ची. मग जुनी यादीही तशीच चाळून त्यांनी साहेबांपुढे ठेवली. दोनशे एकोणीसपैकी खरा बदल निघाला एक. बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी डावं चाक चार सेंटिमीटर वर सरकलं होतं. तशी खुर्ची बनली असती तर बसणारा डावीकडे कलंडलाच असता.

"बघा," साहेब म्हणाले.

"एक वाजता काका माझ्यासमोर जेवत होते," ताई म्हणाल्या. "रोजच जेवतात. त्या वेळी काकांच्या टेबलाशी कोण असतं?"

काका खरंच हात लावत नाहीत ना, हे पाहायला साहेबच रोज जेवणाच्या सुट्टीत काकांच्या संगणकावर ड्रॉइंग उघडून मोठं करून पाहत होते. बुधवारी तर एका हातात फोन होता आणि दुसऱ्यात माउस.

काकांनी ताईंची यादी त्यांच्यासमोर सरकवली. या नव्या यादीत कारणाचा रकाना रिकामा होता. साहेबांनी पेन उघडलं, जरा विचार केला आणि लिहिलं, 'चष्मा घरी राहिला.'

"पण साहेब, तुम्हाला चष्मा कुठाय?" काकांनी विचारलं.

"करायला टाकतोय," साहेब म्हणाले आणि खणातला मुदतवाढीचा कागद बाहेर काढला. "सही कुठं करायची तेवढं दाखवा. बारीक अक्षर आहे."