तायडे साहेबांचा संशय

पाऊस पडतोय असं कुणी सांगितलं, तर तायडे साहेब आधी खिडकीतून हात बाहेर काढतात. हात ओला झाला तरी मान वर करून बघतात. गच्चीवरून कुणी बादली तर रिकामी करत नाही ना? मग म्हणतात, "हं. पडून राह्यला वाटते."

वाशीमजवळच्या आमच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात ते पर्यावरण विभाग सांभाळतात. विभाग म्हणजे ते एकटेच. माझं टेबल शेजारी, म्हणून माझ्यावर त्यांची खास नजर. रजेवरून परतलो की, "पवार, खरंच ताप होता?" घरचा लाडू पुढे केला की, "काहून देऊन राह्यले?"

आमचा बॉयलर नैसर्गिक वायूवर चालतो. तो जाळल्यावर किती कार्बन हवेत गेला, हे परदेशी गिऱ्हाइकांना कळवावं लागतं. त्या हिशेबासाठी सगळ्यांना मिळून एक छापील गुणक असतो; जळलेल्या वायूला त्यानं गुणायचं. आपल्या वायूसाठी वेगळा गुणक हवा असेल, तर तपासण्या करून तो पडताळणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. आपला कमी निघेल, कारखान्याचं नाव होईल, या आशेनं मॅनेजर साहेबांनी तायड्यांना कामाला लावलं.

तायडे खूश. "छापनाऱ्यानं आपला वायू पाह्यला होता काय?"

वायूचा नमुना त्यांनी स्वतः नागपूरला नेला. जीपमध्ये लहान लेकरासारखा मांडीवर धरून. प्रयोगशाळेवर विश्वास नाही म्हणून दुसरा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, तेव्हा तर ते फारच गंभीर झाले. "दोघं एकमेकाले भेटले तं नसतीन?"

पण उत्तर उलटं होतं. आमचा गुणक छापील गुणकापेक्षा जास्त निघाला. म्हणजे आमचा धूर आजवर कागदावर कमी दिसत होता.

मॅनेजर साहेब म्हणाले, "तायडे, राहू द्या. छापीलच बरा."

"चुकीचा हाये साहेब तो."

"नोकरीची किती वर्षं उरली तुमची? जरा सांभाळा."

तायड्यांनी त्याच दुपारी अर्ज पाठवून दिला. मॅनेजर साहेबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. कँटीनमध्ये लोक त्यांच्या टेबलावर बसेनासे झाले.

मग पुण्याहून पडताळणी करणाऱ्या बाई आल्या. कागद चाळून त्यांनी तायड्यांकडे रोखून पाहिलं. "स्वतःच्या कंपनीचा आकडा वाढवून कुणी मागतं का? यात काय लपवलंय तुम्ही?"

बाईंनी मीटर उघडायला लावलं, स्वतःचा वेगळा नमुना घेतला, तायड्यांना तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. मला वाटलं, आता भडकणार. पण बाहेर आले ते फुललेल्या चेहऱ्यानं. "पवार, लय दिवसानं कामाचं मानूस भेटलं!"

मंजुरी आली. गिऱ्हाइकांनी प्रामाणिकपणाचं कौतुक करणारा ईमेल पाठवला आणि मॅनेजर साहेब पुन्हा बोलायला लागले. "काहून बोलून राह्यले ते?" तायड्यांनी मला हळूच विचारलं.

त्या संध्याकाळी ते मला घरी चहाला घेऊन गेले. वहिनी वारल्यापासून ते एकटेच राहतात. चहा ओतताना मुलीचा फोन आला. ती अमरावतीला सासरी नांदते, असं ते सांगत. खरं तर तिनं केव्हाच सासर सोडलं होतं. अकोल्यात खोली करून राहत होती. माझ्या मेहुणीची ती शेजारीण, म्हणून मला ठाऊक.

"सासरी सगळे बरे हायेत, बाबा," स्पीकरवर ती म्हणाली. मागे अकोला बसस्थानकातली घोषणा स्पष्ट ऐकू येत होती.

मी तायड्यांकडे पाहिलं. तायडे फक्त म्हणाले, "बरं, बाई. जेवत जाय वेळेवर."

फोन ठेवून ते आत, मुलीच्या जुन्या खोलीत गेले. तिथे नवा पलंग होता, खिडकीला नवा पडदा. त्यांनी चादरीची सुरकुती हातानं काढली.

"साहेब, तुमाले माहीत हाये?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग विचारलं काहून नाही?"

"विचारलं तं तिले अजून एक खोटं बोला लागन ना, पवार."