हळदीनं खाल्लं का?

घरात मासे पाळायचे हे मी चहा पिता पिता ठरवलं. माझे सगळे मोठे निर्णय असेच होतात आणि कप विसळायच्या आत पस्तावायची वेळ येते. गेवराईच्या आमच्या घरात काचेची पेटी ठेवायची, त्यात आफ्रिकेतले सिक्लिड मासे सोडायचे आणि कचेरीतून आलं की गप बसून बघायचं, एवढीच माझी इच्छा होती.

संगीता म्हणजे आमचं घरचं सरकार. ती म्हणाली, "आणा. पण एक जरी मासा मेला, तर पेटी अंगणात अन् तिच्यात मी कोथिंबीर लावीन." तिचंही बरोबर होतं. माझ्या हातून आधी तुळस वाळली होती, लव्हबर्ड उडाले होते आणि मनीप्लांट मेला होता. (मनीप्लांट मारायला अंगात कला लागते.)

मासेवाल्या मुस्तकीमला मात्र आमच्या घराचं कौतुक. या माशांना जड पाणी लागतं, तुमच्या बोअरचं एकदम फिट, म्हणाला. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाहुणे दुसऱ्याच दिवशी परत जातात. त्या पाण्याला नावं न ठेवणारे हे पहिलेच पाहुणे. मी दगड रचले, फुटक्या माठाची खापरं ठेवून त्यांना आडोसे केले. त्यांनी रातोरात वाळू उकरून ते सगळं पाडलं आणि आपल्या मनासारखं केलं. भाडेकरू असेच असतात.

गंमत अशी की माशांचा लळा लागला तो संगीताला. एका पिवळ्याधमक मासोळीचं नाव तिनं हळदी ठेवलं. पुढं भावजयीच्या बाळंतपणासाठी ती तीन आठवडे उमापूरला माहेरी निघाली, तेव्हा एसटीत चढता चढता हळदीला दाणे वेळेवर टाका म्हणून तीनदा बजावलं. मी काय खायचं याचा विषय निघाला नाही.

आणि ती गेली त्याच दिवशी हळदीनं अन्न सोडलं.

बाकीचे मासे दाण्यांवर तुटून पडायचे, ही खापराआड तोंड मिटून बसायची. संध्याकाळी फोन आला. पहिला प्रश्न, "हळदीनं खाल्लं का?" मी हो म्हणालो. तिथंच घात झाला. एकदा खाल्लं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी उपाशी कशी ठेवणार? आठवडाभरात माझी फोनवरची हळदी दोन वेळा जेवायला लागली. दुसऱ्या आठवड्यात तर ती हातातून दाणे घेत होती. तेव्हा संगीतालाच काळजी वाटून तिनं जास्त देऊ नका, पोट फुटेल, असं सांगितलं आणि मी कबूल करून हळदीचं जेवण कमी केलं. (न खाणाऱ्या मासोळीला पथ्यावर ठेवणारा मी जिल्ह्यात एकटाच असेन.)

इकडं खरी हळदी वाळत चालली होती आणि तिचा गळा मात्र सुजत होता. मुस्तकीमला विचारायची सोय नव्हती. त्याची बायको मेहेक संगीताची मैत्रीण. माझा फोन ठेवायच्या आत बातमी उमापुरात पोचली असती. पेटी जाईल याची भीती होतीच, पण खरं सांगतो, आता मलाच त्या मुक्या जिवाकडं बघवेना. कचेरीत माझ्या फायलीसुद्धा रोजच्यापेक्षा जास्त चुकायला लागल्या.

रविवारी दुपारी संगीता येणार होती. सकाळी चकलांब्याचे आश्रुबानाना दूध घालायला आले. म्हशीच्या घशात आंब्याची कोय अडकली तर हात घालून बाहेर काढणारा हा माणूस. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. नानांनी काचेला नाक लावलं, बराच वेळ बघितलं आणि निदान केलं, "हिच्या नरड्यात कायतरी आडकलंय."

मी पातेल्यात पेटीतलं पाणी घेतलं, जाळीनं हळदीला धरलं. नानांचं सगळ्यात बारीक बोटसुद्धा हळदीएवढं होतं, म्हणून कान साफ करायची कापसाची काडी भिजवून दिली. त्यांनी ओल्या हातात तिला अलगद घेतलं, काडीनं खालचा ओठ जरासा दाबला, आणि तोंडातून भुरूभुरू काहीतरी पातेल्यात पडलं.

मी डोळे मिटले. "नाना, आतडी आली हो तिची!"

"आतडी पळत्यात व्हय?" नाना म्हणाले.

मी डोळे उघडले. पातेल्यात जिऱ्याएवढी पिल्लं सैरावैरा पळत होती. मी दोनदा मोजली, बावीस भरली. नाना खालीच बसले. "चाळीस वर्सं जनावरं बघतो. पर ह्या बाजूनं व्यालेली पयल्यांदाच बघितली."

हळदीला पेटीत सोडली. पाच मिनिटांत तिनं दाणा उचलला. मग दुसरा. मला एवढं हलकं वाटलं की मी नानांना मिठी मारली, दूध सांडलं, आणि सांडू दे म्हणालो.

दुपारी संगीता आली. तिच्या हातातली पिशवी मी घेतली. (लग्नानंतर पहिल्यांदाच.) पिल्लं बघून तिचे डोळे भरले. "तुमच्या हातून कायतरी जगलं," ती म्हणाली. असं बोलणं ऐकून माणसानं गप बसावं. पण आनंदाच्या भरात मी मुस्तकीमला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"मुबारक हो भाई!" मुस्तकीम म्हणाला. "ही मादी अंडी तोंडातच सांभाळती. लई दिवस उपाशी असंल बिचारी. वीस-बावीस दिवस अन्नाला शिवत न्हाई."

मी फोन बंद केला.

"वीस-बावीस दिवस," संगीता म्हणाली. "अन् हातातून दाणे कोण खात होतं?"

मी पिशवी आत नेऊन ठेवतो म्हणालो.

"तीन आठवडे उपाशी राहून तिनं तोंड उघडलं न्हाई. तुमाला एका फोनपुरतं जमलं न्हाई."

"पेटी?" मी विचारलं.

"पेटी ऱ्हाऊ द्या. तुमच्या थापांची शिक्षा त्या लेकरांना कावून?"

मी सुटलो. देवाला हात जोडले, हळदीलाही जोडले. तोवर संगीतानं उमापूरला भावाला फोन लावला होता. "व्हय दादा, पोचले. इथं बी बाळंतपण झालं. बावीस लेकरं, आई सुखरूप हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं.

"हे? हे बी हायेत इथंच."